लिटरमागे नव्वद ग्रॅम

यंदाच्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने शंकरपाळ्यांची नेहमीच्या दुप्पट मागणी स्वीकारली आणि तिला हातभार लावावा म्हणून मी माझा डिजिटल वजनकाटा पिशवीत घालून गोरेगावहून गिरगावला चार दिवस राहायला गेले. तिची कृती तिच्या आईकडून आलेली आहे आणि थोड्याफार फरकाने ती अनेक मराठी घरांत अशीच सांगितली जाते: एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा. एरवी भावजय हे सारे एकाच वाटीने मोजते आणि तिचे प्रमाण चुकत नाही. या वेळी मात्र वाटीवर वाटी ओतत बसण्यापेक्षा काट्यावर एकदाच मोजून मोकळे व्हावे, असे मीच सुचवले. माझ्या काट्यावर ग्रॅम आणि मिलिलिटर यांची अदलाबदल करणारे एक बटण आहे. मी मिलिलिटर निवडले, पातेले ठेवून काटा शून्यावर आणला, पाचशेचा आकडा येईपर्यंत दूध ओतले, पुन्हा शून्य केले आणि पाचशेचा आकडा येईपर्यंत पातळ केलेले तूप ओतले. साखर तिने तिच्या वाटीनेच मोजून घातली.

पहिला घाणा कढईत सोडला तेव्हा शंकरपाळ्यांच्या कडा सुटू लागल्या, दोन-चार तर झाऱ्यावर घेताच मोडल्या आणि तेलाच्या तळाशी चुरा साचला. मोहन जास्त झाल्याची ही खूण कोणीही ओळखेल. भावजयीने गॅस बंद केला, माझ्याकडे बघितले आणि शांतपणे म्हणाली, “ताई, तुमच्या काट्यानेच माझं प्रमाण बिघडवलं.” मी जवळजवळ तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता, हे सूत्र मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. त्यामुळे तिचे म्हणणे मला एरवीपेक्षा जरा अधिकच लागले.

चूक काट्याची नव्हती, माझ्या समजुतीची होती. स्वयंपाकघरातला काटा आकारमान मोजूच शकत नाही. त्याला फक्त आपल्यावर पडलेला भार कळतो, आणि मिलिलिटरचे बटण दाबले की तो पातेल्यात पाणीच आहे असे गृहीत धरून तोच आकडा वेगळ्या नावाने दाखवतो. काही काट्यांवर पाण्याखेरीज दुधाचेही वेगळे चिन्ह असते. माझ्या काट्यावर ते नव्हते. म्हणजे मी पाचशे मिलिलिटर समजून जे ओतले ते प्रत्यक्षात पाचशे ग्रॅम दूध आणि पाचशे ग्रॅम तूप होते. दुधाची घनता मिलिलिटरला सुमारे १.०३ ग्रॅम असते, म्हणून दूध ४८५ मिलिलिटरच भरले. पातळ तुपाची घनता सुमारे ०.९१ असते, म्हणून तूप ५५० मिलिलिटरच्या घरात गेले. भावजयीच्या कृतीत दूध आणि तूप समान असायला हवे होते, आणि माझ्या हिशेबात तूप दुधापेक्षा तेरा टक्क्यांनी वाढले. वीस शंकरपाळ्यांच्या घरगुती घाण्यात हे कदाचित निभावून गेले असते, पण तिची कृती मुळातच खुसखुशीतपणाच्या कडेवर उभी आहे आणि तिथून पुढे ढकलायला एवढे पुरते. उरलेल्या गोळ्यात दुधाचा हबका मारून आणि थोडा मैदा मळून आम्ही तो वाचवला, पण त्यात दुपार गेली.

त्या दुपारनंतर मी तिच्या फडताळातले जवळजवळ सगळे पातळ पदार्थ काट्यावर चढवले. त्यातून माझ्या लक्षात आले की आकारमानाचे वजनात रूपांतर करायला लांबलचक कोष्टक लागत नाही. आपल्या स्वयंपाकातले द्रव तीनच गटांत पडतात, आणि त्यांतल्या एका गटाचा तर विचारही करावा लागत नाही.

तो गट पाण्याचा. ग्रॅमची कल्पनाच पाण्यावरून आली आहे: फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅमची व्याख्या करताना एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन हाच आधार धरला होता. पाण्याची घनता चार अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते आणि मुंबईतल्या तीस अंशांना ती ०.९९६ च्या आसपास येते. घरच्या काट्याला हा फरक कळणारही नाही. दूध, ताक, पातळ केलेले दही, नारळाचे दूध, व्हिनेगर, लिंबाचा रस हे सारे पाण्याहून फार तर तीन-चार टक्के इकडेतिकडे असतात. कढी, खीर किंवा ढोकळ्याच्या पिठासाठी शंभर मिलिलिटर म्हणजे शंभर ग्रॅम धरल्याने काहीही बिघडत नाही. दुधाचे तीन टक्के तेवढे लक्षात ठेवावेत असे मला वाटते, कारण मोठ्या प्रमाणात ते दिसू लागतात: पाच लिटर दूध म्हणजे पाच किलो दीडशे ग्रॅम. दूध पाण्यापेक्षा जड असते ते त्यातल्या साखरेमुळे, प्रथिनांमुळे आणि क्षारांमुळे. स्निग्धांश उलट त्याला हलके करतो. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवरचा २८ हा आकडा म्हणजे १.०२८ घनता, एवढाच त्याचा अर्थ. पाणी घातले की तो उतरतो आणि साय काढली की चढतो, म्हणून दोन्ही बेताने करणाऱ्याला एकटा लॅक्टोमीटर पकडू शकत नाही. गोरेगावात तबेल्यांच्या आरे वसाहतीच्या परिसरात राहणाऱ्यांना हे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागत नाही.

दुसरा गट तेल-तुपाचा. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, मोहरी, तीळ, खोबरेल, यांतले कोणतेही तेल घेतले तरी घनता ०.९१ ते ०.९२ च्या दरम्यानच राहते आणि पातळ तूपही त्याच्याच शेजारी बसते. म्हणून माझ्यापुरता मी एकच नियम केला: लिटरमागे नव्वद ग्रॅम वजा. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, अर्धा लिटर म्हणजे ४५५, शंभर मिलिलिटर म्हणजे ९१. हा आकडा शोधायला कुठे जावेही लागत नाही. तेलाच्या पिशवीवर निव्वळ प्रमाणाच्या ओळीत ‘१ लिटर’ आणि त्याच्या शेजारी ‘९१० ग्रॅम’ असे छापलेले असते. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायकांनी ती ओळ कधी वाचलेली नाही आणि उरलेल्या निम्म्यांना ती किमतीत काही चलाखी असल्यासारखी वाटते.

तसा संशय अगदीच निराधार नव्हता. तेल तापले की फुगते. अंशामागे साधारण चौदाशेव्या भागाइतके. म्हणजे वजन तेच राहून आकारमान वाढते. काही उत्पादक पिशवीवर ‘साठ अंश सेल्सिअसला एक लिटर’ अशा अर्थाचा मजकूर छापत, आणि साठ अंशांना लिटरभर असलेले तेल घरी येऊन थंड झाले की लिटरहून कमी भरे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तेल उत्पादकांना निर्देश दिले की तापमानाचा उल्लेख न करता प्रमाण लिहावे आणि आकारमानाबरोबर वजनही द्यावे. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. त्या वेळी विभागाने सोयाबीन तेलाचे उदाहरण दिले होते: एकवीस अंशांना भरलेल्या लिटरचे वजन ९१९ ग्रॅम, तर साठ अंशांना भरलेल्या लिटरचे ८९२.६ ग्रॅम. सव्वीस ग्रॅमचा फरक एका पिशवीत नगण्य वाटतो, पण वजन छापलेले असले की तो प्रश्नच उरत नाही, कारण तेल कितीही तापवले तरी त्याचे वजन बदलत नाही. वजनाने मोजण्याच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला माहीत नाही.

भावजयीला हा मुद्दा पटला तो मात्र डब्यावरून. तळणीसाठी तिला तेलाचा मोठा डबा घ्यायचा होता. दोन दुकानांत चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी भाव पंधरा किलोच्या डब्याचा होता आणि दुसऱ्या ठिकाणी पंधरा लिटरच्या, आणि दुसरा थोडा स्वस्त होता म्हणून ती तिथे निघालीच होती. पंधरा लिटर तेलाचे वजन साधारण १३ किलो ६५० ग्रॅम भरते. म्हणजे त्या डब्यात पंधरा किलोच्या डब्यापेक्षा एक किलो ३५० ग्रॅम तेल कमी होते, आणि किमतीतला फरक त्या मानाने फारच थोडा होता. तुपाचेही तसेच. तूप किलोनेही मिळते आणि लिटरनेही, त्यामुळे दोन बरण्यांची तुलना करताना लिटरच्या किमतीला ०.९१ ने भागल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तुपाची आणखी एक अडचण अशी की ते मुंबईत एका रूपात टिकत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात बरणीत वर पातळ आणि खाली रवाळ अशी दोन तुपे असतात, आणि जानेवारीच्या एखाद्या गार सकाळी तेच तूप चमच्याने खरवडावे लागते. थिजलेले तूप वाटीत दाबून भरले तरी मध्ये हवा राहते, सैल भरले तर जास्तच राहते, आणि शीग ठेवली की हिशेबच राहत नाही. कृतीत ‘एक वाटी तूप’ म्हटले असेल तर ते पातळ की घट्ट हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्याला नाही. वजनाला ही भानगड नसते. १४५ ग्रॅम तूप थिजलेले असो की वितळलेले, १४५ ग्रॅमच राहते.

तिसरा गट गोड आणि दाट द्रवांचा, आणि इथे डोळ्यांचा अंदाज सर्वांत जास्त फसतो. मधाची घनता १.४ च्या थोडी वर असते. एक किलो मधाची रिकामी बरणी मधाच्या रेषेपर्यंत पाण्याने भरली तर जेमतेम सातशे मिलिलिटर पाणी मावते. काकवी बरीचशी मधासारखीच वागते, पण ती किती आटवली आहे त्यावर तिचा आकडा हलतो. साखर घातलेले आटीव दूध १.३ च्या आसपास येते. पंधरा मिलिलिटरचा मोठा चमचा घेतला तर त्यात तेल चौदा ग्रॅम, पाणी पंधरा ग्रॅम आणि मध एकवीस ग्रॅम बसतो. चमचा तोच, मध मात्र तेलाच्या दीडपट. शिवाय मध वाटीला चिकटतो, आणि ओतून झाल्यावरही दहा-बारा ग्रॅम आतल्या बाजूला राहतो. वाटीला आधी तेलाचे बोट फिरवण्याची युक्ती चांगली आहे, पण पातेलेच काट्यावर ठेवून त्यात थेट मध ओतला तर वाटीच लागत नाही. ज्या इमारतींत पाणी सकाळी तासभर येते तिथे एक भांडे कमी खरकटे होणे ही लहान गोष्ट नाही.

पाकाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथे बेरीज चुकते. दोनशे ग्रॅम साखर दोनशे मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर वजन चारशे ग्रॅम होते, पण आकारमान चारशे मिलिलिटर होत नाही. ते सव्वातीनशेच्या आसपास थांबते, कारण विरघळलेली साखर दाण्यांच्या ढिगापेक्षा बरीच कमी जागा घेते. म्हणून त्या पाकाची घनता १.२३ येते, आणि तो आटवत नेला की पुढे चढत जाते. एकतारी-दोनतारीची परीक्षा बोटांनीच करावी, हे माझे मत आहे. पण गुलाबजामच्या पाकाचे पातेले आधी आणि नंतर तोलले तर किती पाणी उडाले ते ग्रॅमात कळते आणि पुढच्या वेळी तिथवर पोहोचणे सोपे जाते.

इथपर्यंत मी द्रवांबद्दल बोलत होते, पण निम्मा घोळ मापांचाच असतो. भावजयीकडच्या चार वाट्या मी पाणी भरून तोलल्या तेव्हा त्या १४२, १६०, १६८ आणि १९० मिलिलिटरच्या निघाल्या, आणि चारही तिच्या दृष्टीने ‘आमटीची वाटी’ होत्या. कप म्हणावा तर अमेरिकेतला सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि जपानमधला २०० चा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचाही पंधराऐवजी वीस मिलिलिटरचा असतो. आउन्स तर त्याहून फसवा आहे, कारण तो वजनाचाही असतो आणि द्रवाच्या आकारमानाचाही. वजनाचे आठ आउन्स म्हणजे २२७ ग्रॅम. अमेरिकी मापाचे आठ द्रव आउन्स मध म्हणजे साधारण ३३५ ग्रॅम. एखाद्या परदेशी केकच्या कृतीत नुसते ‘८ आउन्स मध’ लिहिलेले असेल तर दोन्ही करून बघण्यापेक्षा दुसरी कृती शोधणे बरे.

याला आपण नावे ठेवावीत असेही नाही. आपला शेरही दोन्हीकडे चालत असे. धान्य मापायचा शेर वेगळा, त्याच्या पोटात मापटे, चिपटे, कोळवे आणि निळवे. आणि तोलायचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तोही गावोगावी बदलणारा. भारतात मेट्रिक वजने १९५६ च्या कायद्याने ठरली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी माझ्या आईच्या वहीत १९७० नंतरच्या पाककृतींतही ‘पावशेर तूप’ आहे. तो पावशेर जुन्या शेराचा असेल तर २३३ ग्रॅम, भाजीवाल्याच्या आजच्या बोलीतला असेल तर २५० ग्रॅम, आणि मापाचा असेल तर आईलाच विचारावे लागले असते. मी २३३ धरून लाडू केले. बरे झाले, एवढेच त्याबद्दल सांगता येईल.

म्हणून माझा सल्ला असा की छापलेल्या आकड्यांवर विसंबण्याआधी आपली वाटी आणि आपला द्रव आपल्याच काट्यावर एकदा तोलून बघावा. कोरडी वाटी काट्यावर ठेवून शून्य करावे, पाणी ज्या रेषेपर्यंत भरू त्या रेषेची खूण करावी, कारण काठोकाठ भरलेले पाणी उचलताना सांडते आणि फुगवट्यासह मोजले जाते. जे वजन येईल तेच मिलिलिटर समजावे. मग वाटी पुसून त्याच खुणेपर्यंत तेल, मध किंवा जे काही असेल ते भरावे आणि आलेल्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागावे. भावजयीच्या १६० च्या वाटीत तूप १४५ ग्रॅम भरले, म्हणजे ०.९१, दूध १६५, म्हणजे १.०३. मालवणहून आलेले कोकमाचे आगळ १७८ भरले, म्हणजे १.११, आणि ते पाण्यापेक्षा इतके जड का याचे उत्तर जिभेवर थेंब ठेवल्यावर मिळाले: त्यात मीठ होते, आणि भरपूर होते. सोलकढीत आगळ वजनाने घालायचे असेल तर हा आकडा दुसऱ्याच्या आगळाला लागू पडणार नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर एक मर्यादाही नोंदवते. घरचा काटा एक ग्रॅमचा असतो आणि चार-पाच ग्रॅमांच्या खाली तो भरवशाचा नसतो. थेंब थेंब टाकला तर कधी कधी आकडा हलतही नाही. व्हॅनिलाचा इसेन्स, केवड्याचे पाणी, केशराचे दूध यांना चमचाच बरा. त्याचप्रमाणे ज्या कृतीत सगळे एकाच वाटीने मोजायचे आहे आणि प्रमाण वाढवायचे नाही, तिथे ग्रॅम आणण्याची काहीही गरज नाही; भावजयीची वाटी माझ्या काट्याआधी वीस वर्षे बरोबर होती. रूपांतराची वेळ येते ती कृतीचा काही भाग वाटीत आणि काही ग्रॅमात असला तर, किंवा एका घरची कृती दुसऱ्या घरच्या भांड्यांत जायची असली तर, किंवा आमच्यासारखा पाच किलो मैदा समोर असला तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काटा ग्रॅमवर ठेवला, मिलिलिटरच्या बटणावर तिने चिकटपट्टी लावली, आणि त्याच पातेल्यात ५१५ ग्रॅम दूध आणि ४५५ ग्रॅम तूप घेतले. आकडे तिने फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिले. मैद्याचा आकडा मी विचारला तेव्हा तिने ‘मावेल तेवढा’ असेच लिहिले आणि मीही आग्रह केला नाही, कारण हवेतल्या दमटपणावर तो रोज थोडा बदलतोच. गोळा मुरल्यावर तिने एकच शंकरपाळी कापून तेलात सोडली, आणि ती सोनेरी होऊन अख्खी वर येईपर्यंत मला दुसरी पोळी लाटू दिली नाही.